रंगाबायचा काळा मासा

रंगाबायच्या उजव्या अंगठ्याला मोबाईल ओळखत नसे. त्या अंगठ्यावर ऑइलपेंटचे वर्षानुवर्षांचे थर होते. रॉकेलनं कितीही घासला तरी खालचा एखादा रंग उरायचाच. पडद्यावर तो दाबून काही हलायचं नाही, मग ती दोन शिव्या घालून डाव्या हाताची करंगळी पुढे करायची आणि करंगळीनं मासे पकडायची. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, साठी ओलांडलेली बाई सिमेंटच्या गोणीवर बसून गेम खेळते आहे, हे मोखाड्याच्या बाजारानं माझ्या दुकानात बरीच वर्षं पाहिलं. कुणी हसलं तर ती मान वर न करता म्हणायची, "तुझा मासा दाखव आधी."

आमचं दुकान रंगांचं आणि लोखंडी सामानाचं. सासऱ्यांनी काढलं, मी चालवते. रंगाबाय आतल्या एका पाड्यावरची. तिच्याकडे शिमग्यानंतर बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं, म्हणजे मोठमोठे मुखवटे, बांधून माणसं संबळाच्या तालावर गावातून देवळापर्यंत नाचत जातात. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, चिंचोक्याच्या खळीनं घट्ट केलेले. दर वर्षी त्यांना नवा रंग लागतो, आणि ते काम तिच्या नवऱ्याच्या घराण्याकडे चालत आलेलं. तिचं खरं नाव मी एकदा मतदार यादीत वाचलं होतं. त्या नावानं हाक मारली असती तर तिनं मागं वळूनही पाहिलं नसतं.

रंग घेताना ती माझा जीव खायची. डबा उघडायला लावायची, काडीनं ढवळायची, काडी उन्हात धरायची. "हा लाल नाय चालायचा, शेठाणी. हा लाल घाबरलेला हाय." मी म्हणायचे, कंपनीचा रंग आहे, घाबरेल कशाला. मग ती रावणाचं वर्णन करायची, त्याच्या गालावर असला लाल लावला तर तो रामाआधी बायकोला भिईल म्हणायची. शेवटी तीन डबे उघडल्यावर एक पसंत पडायचा. उरलेले दोन मी कुणाच्या तरी खिडकीच्या गजांसाठी खपवायचे.

फोन तिच्या मुलाचा जुना. तो भिवंडीच्या गोदामात कामाला होता, नवा घेतल्यावर हा आईला देऊन गेला. पण पाड्यावर रेंज नाही आणि वीज आपल्या मर्जीनं येते. त्यामुळे फोन माझ्या दुकानात चार्ज करायचा आणि नेटशिवाय चालणारा एकच गेम खेळायचा, एवढाच त्याचा उपयोग. गेममध्ये समुद्राच्या तळाशी रंगीत खडक होते. वरून गळ सोडायचा आणि खडकांतून फिरणारे मासे धरायचे. निळे, केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे ती पटापट धरायची. एक मात्र तिच्या हाती कधी लागला नाही. तो काळा होता. पोटावर भाकरीसारखे पांढरे गोल, पाठीवर पिवळी जाळी, आणि ओठ असे पिवळेधमक की जणू कुणी हळदीत बोट बुडवून फिरवलंय. गळ जवळ आला की तो दोरी कुरतडायचा आणि खडकाच्या फटीत शिरून बसायचा.

"बघ कसा हाय," ती मला फोन दाखवायची. "काळा हाय तरी लपून राहत नाय. ओठ रंगवून फिरतो."

"गेमवाले काहीही रंगवतात," मी म्हणायचे. "असा मासा नसतो."

"तुला काय ठावं? तू तर बोंबील खातेस."

तिचा नवरा एका पावसाळ्यात गेला. शेवटची पाच वर्षं त्याचा हात कापत होता, हे साऱ्या पाड्याला दिसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. बोहाड्यात मुखवट्याचं शेवटचं काम डोळ्यांचं असतं. रंगवणारा सकाळपासून उपाशी राहतो आणि बुबुळं काढतो. याला सोंगाचे डोळे उघडणं म्हणतात. एकदा डोळे उघडले की त्या मुखवट्याला ब्रश लावायचा नाही. आधी तो नाचवायचा, रंग बदलायचा तो पुढच्या वर्षी. आणि डोळे पुरुषानंच उघडायचे. त्या पाच वर्षांत रंगाबाय दार लावून डोळे काढायची आणि नवरा ब्रश हातात धरून बाहेर यायचा. "ब्रश त्याच्या हातात होता ना? मंग त्यानंच उघडले," असं ती मला एकदा शांतपणे म्हणाली होती.

तो गेल्यावर पाड्याच्या कारभाऱ्यानं ठरवलं की हे काम आता जव्हारच्या पेंटरला द्यायचं. कारभारी तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे तिचा दीर. वाईट माणूस नव्हता, पण रीत मोडली की आभाळ कोसळेल अशा बेतानं जगायचा. त्या वर्षी पेंटरला दुसरीकडे काम होतं, म्हणून तडजोड झाली. यंदा रंग वहिनीनं द्यावा, डोळे तेवढे पेंटर येऊन उघडेल, आणि पुढच्या वर्षापासून सगळंच त्याच्याकडे. रंगाबायनं मान हलवली आणि माझ्याकडे येऊन काळा, पांढरा आणि पिवळा मागितला.

"काळा कुठल्या राक्षसाला?" मी विचारलं.

"राक्षसाला नाय. माशाला."

दहा अवतारांत पहिलं सोंग माशाचं. तो नाचल्याशिवाय मागचं कासव निघत नाही, आणि कासव अडलं की त्यामागची सगळी रांग अडते. आजवर तो मासा चंदेरी असायचा, गुलाबी कल्ल्यांचा, लग्नाच्या पत्रिकेसारखा चकचकीत. मी तिला म्हटलं, आधी कारभाऱ्याला विचार. त्यावर तिनं मला जे ऐकवलं ते तिचं नेहमीचंच वाक्य होतं. "इचारून केलं की लोकांना नाय म्हणायची सवय लागते."

आठवड्यानं मी व्हार्निशचा डबा घेऊन स्कूटरवरून तिच्याकडे गेले, तर अंगणात कारभारी आणि दोन पंच उभे. पडवीत माशाचा मुखवटा टेकवून ठेवलेला होता. काळाकुळकुळीत, पोटावर पांढरे गोल, पिवळे ओठ. आणि त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. तो सरळ कारभाऱ्याकडेच बघत होता.

"वहिनी, हे काय केलंस?"

"मासा."

"डोळे कुणी उघडले?"

"चुकून उघडला. ब्रश लागला."

"चुकून? दोन्ही?"

"एक चुकून उघडला, भावजी. मंग काय देवाला काणा ठेवायचा?"

एक पंच खोकल्याचं निमित्त करून कुडामागे गेला. मी व्हार्निशच्या डब्याकडे बघत उभी राहिले. कारभाऱ्याचा चेहरा मात्र लाल झाला होता, आणि तो लाल घाबरलेला नव्हता. रंग आता बदलता येत नव्हता. रीत त्याचीच होती. सोंग रद्द केलं तर मागचं कासव अडत होतं.

"असा मासा असतो तरी का?" तो म्हणाला. "मोबाईलातला मासा देवापुढे नाचवायचा? उद्या पोरं मोबाईलातली मोटर नाचवतील."

"समुद्रात असतो."

"तू समुद्र कधी पाहिलास?"

"तुम्ही तरी कधी पाहिला? आणि सगळी पृथ्वी बुडली तेव्हा देव काय वलगणीचा मासा झाला व्हता?" वलगण म्हणजे पावसात ओढ्याला चढून येणारे मासे. आमच्याकडे लोक ते टोपलीनं धरतात.

शेवटी कारभाऱ्यानं अट घातली. खरा मासा दाखव, मग हा नाचेल, काम तुझ्याकडे राहील आणि डोळेही तूच उघड. नाही दाखवलास तर यंदा माशाचं सोंग नाही, रांग अडली तर अडली, आणि ब्रश कायमचा खाली ठेव. फोनमधला व्हिडिओ चालणार नाही. मोबाईलातलं मोबाईलात. त्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

खरं सांगायचं तर मला वाटलं, बाई संपली. असा मासा नसतो हे मीच तिला तीनदा सांगितलेलं. पण पेंटर हा माझ्याकडून रंग घेणारा माणूस नव्हता आणि रंगाबाय होती, एवढं व्यवहारी कारण मी स्वतःला दिलं आणि फोन फिरवले. नाशिकहून माल आणणाऱ्या एका माणसाला शोभेच्या माशांचं दुकान माहीत होतं, तिथं खाऱ्या पाण्याची टाकी होती. त्यानं विचारून सांगितलं, "ताई, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा ना? आहे एक. वर्षभर पडून आहे. कुणी नेत नाही, चावतो म्हणून."

बोहाड्याला आठ दिवस उरलेले असताना आम्ही तिघं नाशिकच्या एसटीत बसलो. कारभारी पुढच्या सीटवर, आमच्याकडे पाठ करून. त्यानं भाकरी बांधून आणली होती, ती त्यानं त्र्यंबक येईपर्यंत एकट्यानं खाल्ली. रंगाबाय खिडकीशी बसून गेम खेळत होती.

"आता तरी ठेव तो फोन," मी म्हटलं.

"सराव करते."

दुकानाच्या दारात तिनं चपला काढल्या. ते पाहून कारभाऱ्यानंही काढल्या. दुकानदार म्हणाला, अहो राहू द्या, पण दोघंही तोवर अनवाणी आत. टाक्यांमधून निळा उजेड होता, पाण्याची बुडबुड चाललेली. कोपऱ्यातल्या टाकीत एक मोठा खडक होता आणि मासा नव्हता.

"आहे, आहे," दुकानदार म्हणाला. "नवीन माणसं दिसली की फटीत घुसतो. पाठीवरचा काटा उभा करतो आणि अडकून बसतो. मग ओढून काढायला गेलात तर मासा फाटेल, पण निघणार नाही."

रंगाबायनं खाली वाकून फटीत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला नीट सांगता येत नाही. ओळखीचं माणूस परगावात भेटावं तसं काहीतरी. "मंग ओढू नका त्याला," ती म्हणाली आणि टाकीसमोर फरशीवर मांडी घालून बसली.

कारभारी बाजूला स्टुलावर. अर्धा तास गेला, तास गेला. फटीतून फक्त पिवळसर शेपटी हलताना दिसायची.

"वहिनी, शेपटीवरून मी कसं म्हणू? शेपटी काय, कशालाही असते."

"मी कुठं म्हणते म्हणा?"

"साडेचारची गाडी हाय."

"गाडी जाऊ दे. मासा हितंच हाय, मी बी हितंच हाय."

दुकानदारानं कोळंबीचा तुकडा टाकला. शेपटी हलली, मासा आला नाही. मी घड्याळ पाहिलं, तेव्हा सव्वाचार झाले होते. मी तिला हळूच म्हटलं की आता उठू या. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फोन काढला, अंगठा लावला, शिवी घातली, करंगळीनं गेम उघडला. गळ सोडला. पडद्यावर तो काळा मासा आला, आणि दोरी कुरतडायला तोंड उघडतोय तोच तिनं फोन काचेला लावला.

फटीतला काटा खाली बसला. मासा बाहेर आला तो धावतच. काळा, पांढऱ्या गोलांचा, पिवळ्या ओठांचा. सरळ फोनवर चालून आला आणि काचेवर त्याचं तोंड आपटलं, टक्. परत मागे जाऊन परत टक्. मोबाईलातला मासा आपल्या घरात शिरला म्हणून खरा मासा त्याला चावायला निघाला होता. कारभारी स्टुलावरून मागे सरकला आणि त्याची टोपी पडली.

रंगाबाय फोन काचेला धरूनच म्हणाली, "आता बोला, भावजी. त्याला पटलं."

कारभाऱ्यानं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. बराच वेळ त्यानं माशाकडे पाहिलं. "दात हायेत त्याला," तो म्हणाला. त्याच्याकडून होकार म्हणून एवढंच मिळालं. साडेचारची गाडी गेली होती. सहाच्या गाडीत मात्र तो आमच्या मागच्या सीटवर बसला आणि त्र्यंबकच्या थांब्यावर केळी घेऊन आम्हांला दोन-दोन दिली.

मासा नाचला, तो दिवस मावळायच्या सुमाराला. आधी लोक हसले. काळा मासा कुणी पाहिला नव्हता. पण नाचणाऱ्याला रंगाबायनं सांगून ठेवलं होतं की डुलायचं नाही, चालून जायचं. संबळ वाजला की तो दोन पावलं मागे यायचा आणि एकदम लोकांच्या अंगावर धावायचा. पुढे दिवा धरून कारभारी चालत होता आणि दोन्ही बाजूंना ओरडत होता, "सरा बाजूला, चावतो हा! नाशिकला बघून आलोय!" रंगाबाय तिच्या दारात उभी होती. मी जवळ जाऊन म्हटलं, जिंकलीस. ती म्हणाली, "ओठांचा पिवळा कमी पडला. पुढच्या वर्षी वाढव."

पुढची काही वर्षं तिनंच सगळी सोंगं रंगवली, उघड्या दारात, आणि डोळेही तिथंच उघडले. सुनेला हाताशी घेतलं. सून अबोल, खालच्या मानेची. मी एकदा म्हटलं, ही तुझ्यासारखी नाही. ती म्हणाली, "काटा पाठीवर असतो. तोंडावर बघू नको." गेममधला काळा मासा मात्र तिनं शेवटपर्यंत धरला नाही. एकदा माझ्यासमोर तो गळाला लागला होता, तिनं स्वतःच दोरी सोडली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "धरला की गेम संपतो, येडे."

मग तिला दम लागायला लागला. मी शंभरदा सांगितलं होतं की व्हार्निशचा वास छातीत जातो, तोंडाला फडकं बांध. तिनं बांधलं नाही. डॉक्टरनं रंगकाम बंद करायला सांगितलं, तर तिनं डॉक्टरला त्याच्या दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा कसा आजारी आहे ते सांगितलं. शेवटची आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. गोणीवर बसून तिनं पिवळ्यात शेंदरी थेंब थेंब टाकून माशाच्या ओठांचा रंग केला, डबा बंद केला आणि झाकणावर अंगठा दाबला. पिवळा ठसा उठला.

"हा ठेव. सून येईल, तिलाच दे."

"आणि दुसरं कुणी आलं तर?"

"संपला म्हण."

गेल्या पावसात ती गेली. निरोप आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्याला खिळे मोजून दिले, दुकान बंद केलं आणि गेले. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

यंदा माघात कारभारी दुकानात आला, सोबत जव्हारचा पेंटर. सून लहान आहे, बोलत नाही, तिला काय जमणार, तेव्हा आता पेंटरनंच करावं, असं पंचांत पुन्हा निघालं होतं. पेंटर बोलका होता. "काकी, चंदेरी द्या. तो काळा मासा काढून टाकतो. गेममधला आहे तो, असा मासा नसतोच."

"नसतो?" कारभारी एवढ्यानं ओरडला की समोरचा शिंपी बाहेर आला. "मी बघितलाय! ह्या डोळ्यांनी! अडीच तास बसलो व्हतो, गाडी सोडली! दात हायेत त्याला! काळाच करायचा, काळाच!"

"बरं, काळा तर काळा," पेंटर म्हणाला. "मग ओठांचा तो पिवळा द्या. तसा कुठं मिळत नाही म्हणतात."

"संपला," मी म्हटलं.

डबा माझ्या मागच्या फळीवरच होता, अंगठ्याचा ठसा बाहेरच्या बाजूला. कारभाऱ्यानं तो पाहिला. तसाच ठसा पाड्याच्या अर्ध्या मुखवट्यांच्या आतल्या बाजूला होता, त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिळ्यांचा खोका पुसायला घेतला.

"संपला म्हणजे संपला," तो पेंटरला म्हणाला. "चल, तुला गाडीत बसवतो." जाताना दारात थांबला. "सुनेला निरोप द्या, ताई. रंग तिनं द्यावा. डोळ्यांचं तेवढं पंचांत बसून ठरवू."

पुढच्या बाजाराला सून आली. खाली मान, हातात सासूचा फोन, चार्जिंगला लावायला. मी फळीवरून डबा काढून तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की कारभारी रंगाला हो म्हणाला आहे, डोळे कुणी उघडायचे ते मात्र पंच बसून ठरवणार आहेत.

तिनं डबा पिशवीत टाकला. तिच्या उजव्या अंगठ्याला काळा रंग होता, ताजा.

"रावणाचा एक उघडला काल," ती म्हणाली. "चुकून."